वॉल बदलला, तरी दम का लागतो?

आषाढ पौर्णिमेला विहारातली वंदना आटोपून आम्ही बाहेर पडत होतो. चपला शोधत असताना आमच्याच गल्लीतल्या एका वहिनींनी आमचा हात धरला आणि हळूच विचारले, "सिस्टर, ह्यांना डुप्लिकेट वॉल तर नाही ना बसवला?"

त्यांचे यजमान गवंडीकाम करतात. वय ४६. मार्च महिन्यात त्यांच्या हृदयाचा वॉल बदलला. ऑपरेशन सरकारी योजनेतून झाले, खिशातून फारसे गेले नाही. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात सगळ्यांनी सांगितले, "ऑपरेशन सक्सेसफुल आहे." घरी पेढे वाटले. आणि आता चार महिने झाले तरी दादांना चाळीचे दोन जिने चढताना मध्ये थांबावे लागते. मोठा भाऊ म्हणतो, हा कामचुकार झाला. धाकटा फाइल चाळून म्हणतो, वॉल फॉरेनचा नाही, त्यावर 'चित्रा' लिहिले आहे, म्हणजे देशी माल बसवून फसवले. या बोलण्याला कंटाळून दादांनी रक्त पातळ करायची गोळी नऊ दिवसांपासून बंद केली होती. "वॉलच खोटा, तर गोळ्या कशाला?"

शेवटचे वाक्य ऐकून आमच्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना घेऊन ओपीडी गाठली. आयएनआर आला १.२. म्हणजे गोळीचा असर जवळजवळ उतरलेला. धातूच्या वॉलवर अशा वेळी रक्ताची गुठळी बसू शकते. ती सुटून मेंदूकडे गेली तर माणसाला लकवा मारतो. सुदैवाने तसे काही झालेले नव्हते. गोळी लगेच सुरू झाली. इको काढली, तर वॉल अगदी व्यवस्थित उघडझाप करत होता.

मग दम का लागतो? या प्रश्नाचे उत्तर दादांना, वहिनींना, त्या दोन भावांना कोणीच दिलेले नव्हते. आणि इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. जीएनएम करून आम्ही सतरा वर्षे वॉर्डात नोकरी केली. त्यातली बरीच हृदयाच्या वॉर्डात. "ऑपरेशन सक्सेसफुल, आता काही काळजी नाही," हे वाक्य आम्हीही शेकडो घरांना सांगितले आहे. बोलणे खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे आज या पानावर लिहितो आहोत.

आपल्या हृदयाचा डावा खालचा कप्पा हा मुख्य पंप. तो रक्त ढकलतो ते महारोहिणीत, म्हणजे शरीरातल्या सर्वांत मोठ्या नळीत. या दोघांमध्ये तीन पाकळ्यांची एक झडप असते. डॉक्टर तिला एओर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात, आपण वॉल म्हणतो. निरोगी माणसात तिचे तोंड साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. काहींच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. शंभरात एक-दोघांना असे असते आणि बहुतेकांना ते माहीत नसते. अशी झडप चाळिशी-पन्नाशीतच चुना धरून कडक होऊ लागते. वाढत्या वयात चांगल्या झडपेवरही चुना बसतो. लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजून आलेला ताप, म्हणजे संधिवाताचा ताप, हेही आपल्या वस्त्यांमधले एक कारण आहे. तो बहुधा दुसरी, मायट्रल झडप बिघडवतो, पण तिच्यासोबत हीही बिघडू शकते. दादांच्या झडपेला दोनच पाकळ्या निघाल्या. तोंड उरले होते ०.७ चौरस सेंटिमीटर. एकाच्या खाली गेले की आजार गंभीर मानतात.

आता टाकीवर पाणी चढवणारी मोटर डोळ्यांपुढे आणा. वरचा कॉक कोणीतरी तीन भाग बंद करून ठेवला आहे. मोटरला पाणी तर तेवढेच चढवायचे आहे. हृदयाचे तसेच होते. बाहेर हातात बीपी १२० दिसावा म्हणून आत त्या कप्प्याला २०० चा दाब लावावा लागतो. दिवसाला सुमारे एक लाख वेळा, वर्षानुवर्षे. मोटर जळून बंद तरी पडते. हृदय बंद पडत नाही, ते जाड होत जाते. तालमीत दंड फुगतात तशी त्याची भिंत फुगते.

पण ही फुगलेली भिंत म्हणजे ताकद नव्हे. स्नायू वाढतो, त्या मानाने त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या वाढत नाहीत. खाणारी तोंडे वाढली आणि रेशन तेवढेच राहिले, असा प्रकार. सर्वांत आतल्या थराची उपासमार आधी होते. काही पेशी मरतात. हृदयाच्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी जवळजवळ येतच नाहीत. रिकाम्या जागी चिवट धाग्यांचे जाळे भरते. हात भाजला की मागे जो वण राहतो, तसा वण. तो ताणला जात नाही, आकसत नाही, रक्त ढकलायला काही मदत करत नाही. हृदयातून विजेचा जो इशारा फिरतो त्याला मात्र अडथळा करतो. म्हणून ठोके चुकू शकतात.

हे राठपण दोन प्रकारचे असते, आणि दादांच्या प्रश्नाचे उत्तर या फरकातच आहे. एक प्रकार पेशींच्या मधल्या जागेत सगळीकडे विरळ पसरलेला. दुसरा, पेशी मरून गेल्यावर तिथे बसलेला पक्का वण.

डॉक्टर वॉल बदलतात तेव्हा कॉक उघडतो. पंपावरचा बोजा त्याच दिवशी उतरतो. पण इतकी वर्षे जाड आणि राठ झालेला स्नायू ऑपरेशनच्या टेबलावर बदलून मिळत नाही. लंडनच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. ऑपरेशनच्या आधी आणि एक वर्षानंतर त्याच रुग्णांचा हृदयाचा एमआरआय त्यांनी काढला. वर्षभरात हृदयाच्या भिंतीचे वजन सुमारे १९ टक्क्यांनी उतरले. पसरलेला राठपणाही कमी झाला. पक्का वण मात्र होता तसाच राहिला. त्याआधी २००९ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावच्या डॉक्टरांनी ५८ रुग्णांच्या हृदयाचा छोटा तुकडा ऑपरेशनच्या वेळीच तपासला होता. ज्यांचा स्नायू फारसा राठ नव्हता ते नऊ महिन्यांनी चांगले हिंडू-फिरू लागले. ज्यांच्यात राठपणा खूप होता त्यांना तेवढा फरक पडला नाही. आणि ब्रिटनमधल्या सहा केंद्रांनी ६७४ रुग्ण पाहिले, तेव्हा निम्म्या रुग्णांच्या हृदयात ऑपरेशनआधीच वण होता. पुढच्या साडेतीन वर्षांच्या आसपास वण असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण वण नसलेल्यांच्या दुप्पट निघाले.

हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. दिलासाही त्यांच्यातच आहे. स्वित्झर्लंडच्या झ्युरिकमध्ये १९८९ साली छापलेल्या अभ्यासात तर डॉक्टरांनी काही रुग्णांच्या हृदयाचा तुकडा ऑपरेशनला सरासरी सहा वर्षे होऊन गेल्यावर पुन्हा तपासला. तोवर राठपणा कमी झाला होता. गंमत अशी की दीड वर्षाच्या टप्प्यावर त्याच अभ्यासात राठपणाचे प्रमाण वाढलेले दिसत होते. कारण फुगलेल्या पेशी आधी लहान होतात आणि मधले धागे मागाहून विरतात. म्हणजे सुधारणा वर्षावर्षाने होते. चार महिन्यांत दम पूर्ण गेला नाही म्हणून वॉल खोटा ठरत नाही, आणि माणूस आळशीही ठरत नाही.

दादांच्या फाइलमध्ये हे स्पष्ट दिसत होते. ऑपरेशनआधी पंपिंग ३५ टक्के, आता ४२. चार महिन्यांत सात टक्के. आम्ही तो आकडा दोन्ही भावांना बोट ठेवून दाखवला. मोठा भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

आणि 'चित्रा'बद्दल. हा वॉल तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वल्यथान यांच्या चमूने तयार केला. डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाला बसवला. आजवर लाखाहून अधिक लोकांच्या छातीत तो गेला आहे. परदेशी वॉल गरिबाला परवडत नाही म्हणूनच ही मेहनत झाली. आपल्या देशात बनलेली, स्वस्त मिळणारी वस्तू म्हणजे हलकी वस्तू, ही समजूत आपल्या लोकांनी तरी सोडावी. स्वस्त आणि हलके यांतला फरक आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

आता आमचे मत. दादांच्या हृदयावरचा वण ऑपरेशनच्या दिवशी पडलेला नाही. तो त्याआधीच्या तीन वर्षांत पडत गेला. त्या तीन वर्षांत काय झाले? पहिल्या वर्षी घमेले घेऊन चढताना धाप लागली, तर मुकादम म्हणाला सिमेंटची धूळ आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. थकवा आला की सलाईन. आपल्या वस्त्यांमध्ये सलाईन हे जणू टॉनिक झाले आहे. ताठर झालेल्या हृदयात बाटलीभर पाणी ओतले तर ते फुप्फुसात साचू शकते, हे कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी दादांनी वरच्या मजल्याचे काम सोडून खालचे काम धरले. "बरे वाटतेय," म्हणाले. बरे वाटत नव्हते, ते काम टाळत होते. तिसऱ्या वर्षी पराचीवर भोवळ येऊन दोनदा पडता पडता वाचले. तेव्हा कुठे इको झाली.

अमेरिकेत रॉस आणि ब्राउनवाल्ड या डॉक्टरांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले आहे. या आजारात एकदा त्रास सुरू झाला आणि ऑपरेशन झाले नाही, तर छातीत दुखणाऱ्याला सरासरी पाच वर्षे, भोवळ येणाऱ्याला तीन, आणि हृदय थकून दम लागणाऱ्याला दोनच वर्षे मिळतात. जवळपास साठ वर्षे झाली या गोष्टीला. तरी आमच्या गवंड्याला तीन वर्षे दम्याचा पंप मिळतो.

लोक म्हणतात, वस्तीतली माणसे अडाणी, ऑपरेशनला घाबरतात, अंगारे-धुपारे करतात. थोडेफार तसे असेल, नाही म्हणत नाही. पण आम्ही जे पाहिले ते वेगळे. रोजंदारीवरचा माणूस दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला की त्या दिवसाची मजुरी गेली. कंत्राटी सफाई कामगाराला आजारपणाची रजा कागदावर असते, हातात नसते. धुणीभांडी करणाऱ्या ताईने आठ दिवस खाडा केला की मालकीण दुसरी बाई लावते. आणि बायकांचे तर विचारू नका. बाईला दम लागला की "रक्त कमी आहे", "वजन वाढलेय", "वय झालेय", "टेन्शन घेते". लोहाच्या गोळ्या देऊन घरी. आमच्या वॉर्डात या आजाराच्या बाया पुरुषांपेक्षा उशिरा यायच्या, पाय सुजलेल्या, उशाला तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपणाऱ्या. त्यांच्या हृदयावर वण किती असतील, हे मोजायला एमआरआय लागतो. उशीर मोजायला तो लागत नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे आहे की दमाच्या प्रत्येक रुग्णाच्या छातीवर, पाठीवर नव्हे, पुढून, एकदा स्टेथोस्कोप ठेवला गेलाच पाहिजे. अरुंद झडपेतून जोराने जाणाऱ्या रक्ताचा खरखर आवाज येतो. तो ऐकायला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटे आणि शांतता लागते. "डॉक्टर, हृदयाचा आवाजही ऐका," असे म्हणायला लाजू नका. त्यानंतर ईसीजी. साधा, स्वस्त, नागरी आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात होणारा. त्याच्या कागदावर 'स्ट्रेन' असा शब्द असेल तर विचारा. एडिनबराच्या डॉक्टरांना या आजाराच्या रुग्णांमध्ये ईसीजीवरची ही खूण आणि हृदयातला वण यांचे नाते सापडले आहे. एमआरआय आपल्याला मिळो न मिळो, ईसीजी मिळतो. आणि आवाज ऐकू आला तर टूडी इको. ती आजार पक्का करते, आणि ऑपरेशनचा निर्णय बहुतेकांच्या बाबतीत तिच्यावरच होतो.

एक सावधगिरी इथेच सांगतो, नाहीतर हा लेख वाचून कोणी उद्याच ऑपरेशन मागायला जाईल. झडप अरुंद आहे पण त्रास काहीच नाही, अशा माणसाला नुसता वण दिसला म्हणून लगेच ऑपरेशन करावे का, यावर मोठ्या डॉक्टरांमध्येही एकमत नाही. २०२४ मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या २२४ रुग्णांवर हाच प्रश्न तपासला गेला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना वर्षभराने त्रास कमी होता, पण मृत्यू किंवा अचानक दवाखान्यात भरती होणे यात ठाम फरक निघाला नाही. उलट २०२० मध्ये कोरियात, झडप फारच अरुंद असलेल्या १४५ जणांत लवकर केलेले ऑपरेशन फायद्याचे ठरले. तेव्हा त्रास नसलेल्याने वेळच्या वेळी इको करत राहावे आणि निर्णय डॉक्टरांसोबत घ्यावा. आमची तक्रार त्रास नसलेल्यांबद्दल नाही. आमची माणसे त्रास होऊनही दोन-तीन वर्षांनी पोचतात, त्याबद्दल आहे.

आता ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांच्या घराबद्दल.

छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, कोणाला तीन महिने. तोवर पाण्याची कळशी, गॅसची टाकी, लहान मूल उचलायचे नाही. रोज चालायचे मात्र. आधी खोलीत, मग गल्लीत, मग मैदानापर्यंत. चालताना दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत, एवढाच वेग. ऑपरेशन झालेल्या माणसाला खाटेवर झोपवून ठेवणे हे प्रेम नव्हे, त्याने स्नायू आणखी ढिला पडतो.

बीपी. यावर आम्ही जरा जास्तच बोलतो, कारण इथे आपले लोक हमखास चुकतात. कॉक उघडला, पण पुढची नळीच तुंबलेली असेल तर मोटरला पुन्हा तोच भार. वॉल नवा आणि बीपी १७०, तर भिंतीचे जाड होणे थांबणार कसे? वण विरघळवणारी गोळी आज बाजारात नाही. कोणी तसे सांगून काढा-चूर्ण विकत असेल तर पैसे देऊ नका. आपल्या हातात आहे ते नवा वण पडू न देणे, आणि त्याचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे बीपीची गोळी रोज घेणे. बरे वाटले तरी घेणे. मिठाचे सांगायचे तर डाळ-भाजीतल्या मिठासोबत सुकट, बोंबील, पापड, लोणचे आणि संध्याकाळचे फरसाण यांतले मीठही घात करते. सुकट सोडा म्हटले की आमच्या घरातही भांडण होते, हे मान्य. निदान रोजची आठवड्यावर आणा. तंबाखू, मशेरी, बिडी यांना मात्र सूट नाही.

धातूचा वॉल असेल तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवतात, तुमचा नेमका आकडा डॉक्टर फाइलवर लिहून देतात. तो पाठ करा. पालेभाजी बंद करायची नसते, पण चार दिवस अजिबात नाही आणि पाचव्या दिवशी जुडीभर, असे करू नका. प्रमाण सारखे ठेवा. अंगदुखीची गोळी मेडिकलवरून मनाने आणू नका, तिने रक्तस्राव होतो. आयएनआर तपासायची कटकट नको म्हणून रक्त पातळ करायच्या ज्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या धातूच्या वॉलला चालत नाहीत. दात काढायचा असेल तर आधी सांगा, जंतू वॉलवर बसू नयेत म्हणून अँटिबायोटिक द्यावे लागते. लग्न झालेल्या मुलीला असा वॉल असेल तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटा, कारण ही गोळी बाळाला अपाय करू शकते. सासरी वॉलची गोष्ट लपवून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. त्याची किंमत त्या मुलीनेच मोजली.

प्राण्याच्या पेशींपासून बनवलेल्या वॉलला जन्मभर ही गोळी सहसा लागत नाही, पण तो साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतो. तरुण माणसाला म्हणूनच बहुधा धातूचा देतात.

आणि हे जरूर लक्षात ठेवा. हळूहळू कमी होत जाणारा जुना दम वेगळा आणि कमी झालेला दम पुन्हा वाढणे वेगळे. अचानक धाप, वॉलचा रोजचा टिकटिक आवाज मंद होणे किंवा बंद होणे, तोंड वाकडे, हातापायातली शक्ती जाणे, भोवळ, काळी शी, आणि थंडी वाजून येणारा, न उतरणारा ताप. यांतले काही दिसले तर "वण आहे, लागणारच दम," असे म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, फाइल सोबत घ्या.

आता वर्गणीचा विषय. आपल्या वस्त्यांची एक चांगली रीत आहे. कोणाचे मोठे ऑपरेशन निघाले की मंडळ डबा फिरवते, महिला मंडळ हातभार लावते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वॉल बदलण्याचे ऑपरेशन बसते, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवून विचारायचे. तेव्हा खरे तर ऑपरेशनसाठी पूर्वीइतकी वर्गणी लागत नाही. पैसा लागतो तो नंतर. तीन महिने घरात मजुरी नाही. महिन्या-दोन महिन्यांनी आयएनआर. रोजच्या गोळ्या. रुग्णालयात जायचे रिक्षाभाडे. या खर्चासाठी डबा फिरलेला आम्ही आजवर पाहिला नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते. नऊ दिवस चुकलेली गोळी ही बातमी होत नाही.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. आयएनआरची तपासणी वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात व्हावी. रक्त पातळ करायची गोळी तिथे खंड न पडता मिळावी. डिस्चार्ज कार्ड मराठीत असावे, आणि त्यावर ऑपरेशनआधीचे पंपिंग, नंतरचे पंपिंग आणि पुढच्या इकोची तारीख लिहिलेली असावी. कार्ड इंग्रजीत होते म्हणून दादांच्या भावाला त्यावर 'चित्रा' एवढाच शब्द वाचता आला आणि त्यावरून त्याने सगळा निष्कर्ष काढला. आम्ही नोकरीत होतो तिथेही कार्ड इंग्रजीतच होते. आम्ही ते बदलून घेतले नाही. तेव्हा सुचलेच नाही, हे खरे कारण.

दादा आता संध्याकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारतात. काम हलके मिळाले आहे, एका सोसायटीत वॉचमनचे, पगार गवंडीकामाच्या निम्मा. मोठ्या भावाने पोराची शाळेची फी भरली, त्याबद्दल तो स्वतः काही बोलत नाही. परवा दादांनी आम्हाला विचारले, "ताई, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाता येईल का? दरवर्षी जातो. यंदा रांगेत उभे राहवेल का?"

आम्ही म्हटले, नोव्हेंबरच्या शेवटी इको आहे, ती होऊ द्या. पंपिंग आणखी वाढले असेल, आयएनआर जागेवर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर जाऊ. पाच तारखेच्या रात्री रांगेत बसकण मारायची नाही, सकाळी जायचे. पाणी, गोळ्या, फाइलची झेरॉक्स आमच्या पिशवीत. सोबत धाकटा भाऊ. दम लागला की बाजूला बसायचे, लाजायचे नाही.

"आणि डॉक्टर नाही म्हणाले तर?"

तर यंदा विहारातच अभिवादन करायचे, पुढच्या वर्षी दादर. दादा हसले आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढून आम्हाला दाखवली. त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या गोळ्या घेतलेल्या होत्या.